इंद्र की इंद्रो? नाव कुठलंही ठेवा, पण कार्डावरच्या कोडचं दहावं-अकरावं घर बघा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेना. तुम्ही मिलानजवळ राहता, मुलगा होणार आहे, सासऱ्यांच्या मनात इंद्र हे नाव आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की मग इंद्रो ठेवा, ते आमच्याकडचंच आहे. ते खरंच इटालियन नाव आहे का, किती जणांचं असतं आणि कागदावर नेमकं काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. आमचा इंद्र आता आठ वर्षांचा आहे. त्याचा जन्म बोलोन्याजवळचा. तुमच्या प्रश्नातली ओळ न् ओळ आमच्या घरात बोलून झालेली आहे. मी वकील नाही, नावांची अभ्यासकही नाही, तेव्हा जे आमच्यावर बेतलं तेवढंच सांगते.

आधी नावाबद्दल. आजींचं बरोबर आहे, आणि सासऱ्यांचंही. इंद्रो म्हणजे आपला इंद्रच, फक्त इटालियन पुरुषी नावांसारखा शेवटी ओ लावलेला. इथे हे नाव माहीत झालं ते पत्रकार इंद्रो मोंतानेल्ली यांच्यामुळे. त्यांचा जन्म 1909 चा, तोस्कानातल्या फुचेक्क्यो गावातला. गावाचे दोन भाग, टेकडीवरचे आणि सपाटीवरचे, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नसे. आई टेकडीवरची. बाळंतपण वरच व्हायला हवं, असा तिच्या माहेरच्यांचा हट्ट होता आणि तो त्यांनी पुरा करून घेतला. वडील तत्त्वज्ञानाचे शिक्षक. त्यांनी त्याची भरपाई नावातून केली: सासरच्या घराण्यात नाही, गावात कुणाचं नाही आणि संतांच्या पंचांगातही नाही, असं नाव त्यांनी शोधलं. हा किस्सा मोंतानेल्ली स्वतः सांगत असत. मला तो फार जवळचा वाटतो, कारण नावावरून सासर-माहेरची ओढाताण म्हणजे अगदी आपल्या घरातली गोष्ट.

किती चालतं म्हणाल, तर फार कमी. इथली बहुतेक नावं संतांची, नाहीतर आजोबा-पणजोबांची. ज्या नावाला संत नाही त्याला इथे ‘अदेस्पोतो’ म्हणतात, म्हणजे ज्याला धनी नाही असं. इंद्रो त्यातलंच. गेली काही वर्षं मुलांमध्ये लिओनार्दो पहिल्या नंबरावर आहे, तिथे इंद्रो त्या गर्दीत कुठेच नाही. इस्तात, म्हणजे इथली सरकारी सांख्यिकी संस्था, तिच्या वेबसाइटवर नाव टाकलं की कुठल्या वर्षी किती बाळांना ते ठेवलं ते दिसतं. तुम्ही स्वतः टाकून बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि एक गंमतीची गोष्ट, शेजारी बांगलादेशी कुटुंब असेल तर त्यांना इंद्रो मुळीच वेगळं वाटणार नाही. बंगालीत इंद्रचा उच्चार इंद्रो असाच होतो. आमच्या इथल्या किराणावाल्या भाऊंनी पहिल्या दिवसापासून पोराला बरोबर हाक मारली.

आता खरा त्रास. आपण इंग्रजी स्पेलिंगमध्ये इंद्रच्या शेवटी ए लिहितो. मराठीत त्याचा उच्चार अगदी ऱ्हस्व होतो, पण इटालियन माणूस ते पूर्ण ‘इंद्रा’ असं वाचतो, आणि शेवटी आ आला की त्याच्या डोक्यात मुलगी येते. लुका, निकोला, मात्तिया, आंद्रेआ ही पुरुषांची नावं आहेत, पण ती लहानपणापासून कानावर पडलेली. अनोळखी नावाला ती सूट मिळत नाही. आंद्रेआ हे मुलीला ठेवता येईल का, यावर तर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2012 मध्ये ‘येईल’ असा निकाल लागला. नाव मुलाच्या लिंगाला धरून असावं असं इथल्या नियमात लिहिलेलंच आहे. थोडक्यात, या एका अक्षराकडे ही माणसं फार गंभीरपणे बघतात.

आमचं काय झालं ते सांगते. जन्मदाखला बरोबर होता, त्यावर मुलगा असंच लिहिलं होतं. पण पुढच्या कागदांसाठी एका कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही. तिथे खिडकीमागच्या बाईंनी नाव विचारलं, मी म्हटलं इंद्रा, त्यांना कळावं म्हणून मुद्दाम त्यांच्याच उच्चारात. त्यांनी मान न उचलता टाइप केलं. काही आठवड्यांनी आरोग्यकार्ड घरी आलं. बाळ खांद्यावर, दूध गॅसवर, मी पाकीट फोडलं, नाव बघितलं आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. चूक ती हीच. त्या कार्डावर लिंगाच्या चौकटीत एफ होता.

आणि एफ फक्त त्या चौकटीत नसतो, तो कोदिचे फिस्कालेमध्ये, म्हणजे इथल्या प्रत्येकाच्या कर-ओळख क्रमांकात शिरतो. सोळा खुणांचा तो कोड: तीन अक्षरं आडनावाची, तीन नावाची, दोन आकडे वर्षाचे, एक अक्षर महिन्याचं आणि मग दहाव्या-अकराव्या घरात जन्माचा दिवस. मुलगी असेल तर त्या दिवसात 40 मिळवतात. आमचा जन्मला 14 तारखेला, आणि कोडमध्ये होते 54. मला हा नियमच माहीत नव्हता. शेवटची खूण तपासणीची असते, ती बाकीच्या पंधरांवरून ठरते, म्हणजे कोड यंत्राला अगदी शुद्ध दिसतो. कुठेही लाल दिवा लागत नाही.

हे कळलं सात महिन्यांनी, पाळणाघराचा अर्ज भरताना. अर्जात मुलगा लिहिलं की कोड चुकीचा म्हणून परत, मुलगी लिहिलं की जन्मदाखल्याशी जुळत नाही म्हणून परत. त्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, कोड कॉम्प्युटरने काढलाय, नगरपालिकेत जा. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे बरोबर आहे, तिकडे जा. असे चार फेरे. प्रत्येक फेऱ्याला नवऱ्याची अर्धी रजा. पाचव्यांदा एका तरुण कर्मचाऱ्याने जन्मनोंदीचा उतारा मागितला आणि अर्ज लेखी घेतला. मग कोड बदलला. पण तोवरच्या लसी जुन्या कोडवर नोंदलेल्या! इथे पाळणाघराला दहा सक्तीच्या लसी लागतात, आणि नव्या कोडवर आमच्या पोराची एकही लस दिसेना. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मला मिळालेली नोकरी नोव्हेंबरपर्यंत थांबली नाही. त्या बाईंनी मान वर करून बाळाकडे एकदा बघितलं असतं, किंवा मी ते कार्ड दिव्याखाली धरून वाचलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं. अजूनही त्या रस्त्याने गेले की पोटात कालवतं.

म्हणून कळकळीने सांगते: खिडकीवरून हलण्याआधी कागद वाचा. दहावं आणि अकरावं घर बघा. 31 पेक्षा मोठा आकडा दिसला तर तिथेच थांबा. तोंडी बोलून परत येऊ नका, अर्ज लेखी द्या आणि त्यावर प्रोतोकोल्लो नंबर, म्हणजे आवक-नोंदीचा क्रमांक टाकून घ्या. शक्य असेल तर पेक उघडा, म्हणजे प्रमाणित ईमेल. त्याला कायद्याने रजिस्टर्ड पत्राइतकी किंमत आहे, आणि आमचं काम पुढे सरकलं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, बारशाची. आपल्याकडे बाराव्या दिवशी नाव ठेवतात, पण इथे नोंदीची मुदत नगरपालिकेत दहा दिवस आणि हॉस्पिटलमध्येच केली तर तीन दिवस. म्हणजे बारशाआधी नाव कागदावर जाणारच. सासऱ्यांना हे आत्ताच सांगून ठेवा. आमच्याकडे आत्याने कानात नाव सांगितलं तेव्हा ते सरकारला कळून आठवडा झाला होता, आणि सासूबाईंना ते लागलं.

तिसरी, वडिलांचं नाव. आपण सवयीने मधे लिहितो. इटालियन नागरिक असलेल्या मुलाला हयात वडिलांचं नाव देणं इथे कायद्याने मना आहे. तुम्ही दोघेही भारतीय असाल तर मूल भारतीय नागरिक, आणि त्याचं नाव आपल्या देशाच्या कायद्याने ठरतं, पण खिडकीवर वाद होऊ शकतो, तयारीने जा. आणि मधे नाव घातलंत तर कोड बदलतो हे लक्षात ठेवा. नुसत्या इंद्रोची किंवा इंद्रची कोडमधली तीन अक्षरं एन-डी-आर (आंद्रेआचीही तीच). पण समजा वडिलांचं नाव मिलिंद आणि नावाच्या चौकटीत ‘इंद्र मिलिंद’ लिहिलं, तर व्यंजनं तीनपेक्षा जास्त होतात, मग पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात आणि तेच एन-आर-एम होतं. पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं असं झालं की पुन्हा फेरे. दोन नावांमध्ये स्वल्पविराम टाकला तर दाखल्यांवर फक्त पहिलं येतं, म्हणून तो स्वल्पविराम हवा की नको हे घरीच ठरवून जा. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवायचा असतो, तिथेही हेच स्पेलिंग द्या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. तुम्ही इथेच राहणार असाल तर कागदावर इंद्रो लिहा. मी आज पुन्हा ठेवलं असतं तर तेच ठेवलं असतं. काही जण म्हणतील, देवाचं नाव बिघडवलं. मला तसं वाटत नाही. आमच्या आई व्हिडिओ कॉलवर त्याला हाक मारतात ती ‘इंद्रा, अरे इंद्रा!’ अशीच. आपल्या संबोधनातही शेवट बदलतोच की.

एक गोष्ट मात्र जाणून ठेवा. हे नाव ऐकलं की वयस्कर माणूस हटकून म्हणतो, ‘मोंतानेल्लीसारखं!’ आमच्या खालच्या आजोबांनी तर जिन्यातच टाळी वाजवली होती. मोंतानेल्लींनी 1974 मध्ये इल जोर्नाले हे वर्तमानपत्र काढलं, 1977 मध्ये रेड ब्रिगेड्स या डाव्या दहशतवादी संघटनेने त्यांच्या पायांवर गोळ्या झाडल्या, आणि मिलानची जुनी सार्वजनिक बाग आज त्यांच्या नावाची आहे. तुम्हाला ती जवळच पडेल. पण तिथल्या त्यांच्या पुतळ्यावर 2019 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये रंग फेकला गेला. अबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या युद्धात त्यांनी बारा वर्षांची मुलगी ‘बायको’ म्हणून विकत घेतली होती, आणि 1969 मध्ये टीव्हीवर तसं स्वतः सांगितलंही होतं. मला हे मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर कळलं. नाव बदलावं असं वाटलं नाही, कारण ते त्यांच्याआधी कित्येक शतकं आपलं आहे. पण तुमच्या मुलाला कुणीतरी कधीतरी विचारेल, तेव्हा ते आधी तुमच्याकडून ऐकलेलं बरं.

आणि हो, पाळणाघरात त्याचा ओनोमास्तिको, म्हणजे नावाच्या संताचा दिवस, कधी असतो असं विचारतील. ज्या नावाला संत नाही त्याचा दिवस 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला धरतात. शाळेला सुट्टी असते, म्हणून आमच्या बाईंनी आदल्या दिवशी केक कापला होता.