जुनं ‘पीनट्स’ (चार्ल्स शुल्झ यांची चित्रपट्टी, म्हणजे कॉमिक स्ट्रिप) आवडणाऱ्याला ‘द स्नूपी शो’ आवडेल का?

आवडेल, पण त्यातल्या चार्ली ब्राऊन या मुलासाठी बघणार असाल तर थोडी निराशा होईल. 2021 मध्ये ॲपल टीव्ही प्लसवर आलेली ही ॲनिमेशन मालिका मी मुलांसोबत पाहिली. चार्ल्स शुल्झ यांच्या पट्ट्याही वाचल्या आहेत. चित्रं टूडी आहेत, रेषा शुल्झ यांच्या वळणाची. 2015 च्या ‘पीनट्स’च्या थ्रीडी चित्रपटापेक्षा मला हेच जवळचं वाटलं. एका भागात तीन छोट्या गोष्टी, त्यामुळे स्नूपी हा कुत्रा आणि त्याचा पक्षी मित्र वूडस्टॉक यांची धमाल भरपूर. मूळ पट्टीतली उदासी, ते सतत हरणं मात्र पातळ झालंय. ते हवं असेल तर ‘पीनट्स’चा 1965 चा नाताळचा खास टीव्ही भाग बघा. त्यातलं विन्स ग्वाराल्डींचं जॅझ तर अजूनही ताजं वाटतं. लहान मुलं असतील तर मात्र थेट नव्यापासून सुरुवात करा.