२४०झेड हाती घेताना
तुम्ही १९७१ ची डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार दुरुस्त करायला घेतलीत, याचा मनापासून आनंद झाला. मात्र इंजिन उघडण्याची घाई करू नका. २३९३ सीसीचे ते सहा सिलिंडरचे एल२४ इंजिन दणकट असते. या गाडीचा खरा शत्रू गंज आहे. बॅटरीचा ट्रे काढून त्याखालचा पत्रा, पायाखालचा तळपत्रा आणि त्याला खालून जोडलेले चॅसिसचे रेल (सांगाड्याचे लांब आधार) स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा; ताज्या रंगाखाली पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील, तर वेल्डिंगचा खर्च सर्वांत आधी धरा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच उत्साहात सगळी गाडी सुटी करणे. एका वेळी एकच भाग खोला, फोटो काढा आणि बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत ठेवा. झिजलेला हिताची कार्बुरेटर असो वा तडकलेला डॅशबोर्ड, बदली भाग प्रत्यक्ष बसेपर्यंत मूळ भाग टाकू नका. मी मूळ एअर क्लीनर भंगारात दिला आणि तसा दुसरा मिळवायला मला दोन वर्षे लागली. इंजिनावर ठोकलेला क्रमांक बॉनेटखालच्या पाटीशी जुळतो का, म्हणजे इंजिन मूळचेच आहे का, हेही आजच पाहा. कार्बुरेटरच्या ट्यूनिंगबद्दल नंतर सविस्तर बोलू. आधी ब्रेक नीट होऊ द्या.