दोनच पेग, पण कोणत्या मापाचे?

‘मॅडम, मी रोज पीत नाही. शुक्रवारी आणि शनिवारी दोन-दोन पेग, बस्स. आठवड्यावर वाटले तर दिवसाला जेमतेम अर्धा पेग होतो. मग व्यसनाची भीती कशाला?’ चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या एका गृहस्थांनी पहिल्याच भेटीत हा हिशेब मांडला. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) हा हिशेब मला अनेकांकडून ऐकायला मिळतो आणि तो मांडणारे बहुतेक वेळा खोटे बोलत नसतात.

मी त्यांना पिण्याचा नेहमीचा ग्लास सोबत आणायला सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनी नेहमीच्या सवयीने त्या ग्लासात एका पेगइतके पाणी ओतले आणि आम्ही ते मोजपात्रात घेतले. मोठ्या पेगची ६० मिलिलिटरची रेषा ओलांडून पाणी १०० वर थांबले. ते बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिले.

४० टक्के तीव्रतेच्या १०० मिलिलिटर मद्यात ४० मिलिलिटर अल्कोहोल असते आणि त्याचे वजन साधारण ३२ ग्रॅम भरते. म्हणजे त्यांच्या दोन पेगमधून एका बैठकीत ६० ग्रॅमहून अधिक अल्कोहोल पोटात जात होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ऑडिट’ या मद्यपान तपासणाऱ्या दहा प्रश्नांच्या चाचणीत १० ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक प्रमाण पेय धरतात. त्या मापाने त्यांचे ‘दोन’ हे प्रत्यक्षात सहा होते. ‘एका बैठकीत सहा किंवा अधिक पेये किती वेळा होतात?’ या तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी आधी ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले होते, ते आता ‘दर आठवड्याला’ असे झाले. पहिल्या तीन प्रश्नांचे त्यांचे गुण ३ वरून ८ वर गेले. संपूर्ण चाचणीत ८ गुणांपासूनच मद्यपान धोक्याचे मानतात.

आठवड्याची सरासरी इथेच फसवते. एका रात्रीत रिचवलेली मात्रा शरीराला त्याच रात्री सोसावी लागते. उरलेले पाच कोरडे दिवस तिची वाटणी करून घेत नाहीत. म्हणून मी एकूण बेरजेइतकेच लक्ष बैठकीतल्या मात्रेकडे आणि ठरवलेल्या मर्यादेवर थांबता येते की नाही याकडे देते. अर्थात गुण हा इशारा असतो, निदान नव्हे.

चार आठवडे त्यांनी वही ठेवली: ‘ठरवले’ आणि ‘घेतले’ असे दोनच रकाने, दोन्ही मोजपात्राने मोजलेल्या मिलिलिटरमध्ये. (जे रोज भरपूर पितात त्यांना मी एकदम बंद करायला कधीच सांगत नाही, अचानक थांबल्याने थरथर सुटते, झटके येऊ शकतात, त्यामुळे आधी डॉक्टरांचा सल्ला हवा.) आठपैकी पाच रात्री दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा होता. एका शनिवारी ‘ठरवले ६०’ समोर ‘घेतले २४०’ होते आणि खाली बारीक अक्षरात, ‘नंतरचे आठवत नाही.’

ती ओळ त्यांनी स्वतःच मला वाचून दाखवली. मग म्हणाले, ‘मोठा भाऊ वर्षभर हेच सांगतोय. पुढच्या वेळी त्याला घेऊन येऊ का?’ आम्ही तशीच वेळ ठरवली.