अनुदानित वसतिगृहाचा महिन्याचा खर्च अनुदानात कसा बसवायचा?

तुमच्या संस्थेकडे मुलांचं वसतिगृह आलंय आणि अनुदान हातात पडेपर्यंत जेवणखाण कसं चालवायचं, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापुरात अधीक्षक म्हणून काम केलंय, त्यावरून सांगतो.

अनुदान कमी पडतं हे खरंच. पण वसतिगृह खरं बुडतं ते अनुदानाच्या उशिरानं. तोवर किराणा उधारीवर चालतो, आणि दुकानदार उधारीचं व्याज तोंडानं मागत नाही, डाळीच्या भावात लावतो. इथल्या लक्ष्मीपुरी बाजारात रोखीनं पोतं उचलणाऱ्याला आणि वही चालवणाऱ्याला तीच तूरडाळ एका भावात मिळत नाही. म्हणून संचालकांकडून आधी दोन-तीन महिन्यांचं खेळतं भांडवल वेगळ्या खात्यात काढून घ्या. अनुदान जमा झालं की पहिलं ते भरून काढायचं. संचालकांना हे पटवताना घाम फुटतो. ताटातली भाजी पातळ करणं सोपं, म्हणून सगळे तिकडंच वळतात. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं एकेक बोर्डिंग उभं केलं, तेव्हा नुसती देणगी दिली नाही, जागा-जमिनीही लावून दिल्या. नुसत्या येणाऱ्या पैशाची वाट बघत बोर्डिंग चालत नाही, हे त्यांना कळलं होतं.

धान्याचं पुरवठा खात्यात विचारा. वसतिगृहांना बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या दरानं गहू-तांदूळ देण्याची केंद्राची योजना 1994 पासून आहे. दोन तृतीयांश मुलं अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागास वर्गातली असतील तर अर्ज करता येतो. कागद सरकायला वेळ लागतो, तेव्हा जूनची वाट बघू नका.

आता स्वयंपाकघर. संध्याकाळी पाचला हजेरी घ्यायची आणि आकडा मावशींना सांगायचा, मगच तांदळाचं माप डब्यात बुडवायचं. शनिवारी गगनबावडा, राधानगरीकडची निम्मी पोरं घरी जातात, आणि सवयीनं भात मात्र भरल्या घराचा शिजतो. रविवारी सकाळी तो फोडणीचा भात कुणी खात नाही. परिपोषणाचा, म्हणजे मुलांच्या जेवणखाणाच्या अनुदानाचा हिशोबही हजेरीवरच बसतो, त्यामुळं हजेरीपत्रक आणि साठा नोंदवही जुळली नाही तर तपासणीत तोंड लपवायला जागा राहत नाही. गॅसच्या टाकीवर लावल्याची तारीख खडूनं लिहा, डाळ भिजत घाला.

वर्षाची चटणी मार्च-एप्रिलमध्येच करून ठेवा. संकेश्वरी मिरची तेव्हा बाजारात भरपूर असते. पावसाळ्यात तयार पाकिटं आणलीत तर खिसा रिकामा होतो आणि पोरं नाकं मुरडतात ते वेगळंच. कोल्हापूरच्या पोराला चटणी बरी लागली की आमटीबद्दल तक्रार कमी येते.

दुधात, अंड्यात आणि स्वयंपाकीण मावशींच्या मानधनात मात्र काटछाट करू नका. मावशी मध्येच सोडून गेल्या तर बाहेरून डबे मागवावे लागतात, आणि चार दिवसांत महिन्याची बचत उडते.