पेंग्विनची वस्ती आणि मीरकॅटची टोळी: हे साम्य लिहू नका

ताई, लेकीच्या आठवीच्या प्रकल्पात आफ्रिकी पेंग्विन आणि मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला छोटा प्राणी) यांची तुलना करताना ‘दोघेही समूहाने पिल्लं वाढवतात’ असं साम्य लिहिलंय म्हणालात, म्हणून राहवलं नाही. नेमकं हेच वाक्य मी एका प्रदर्शनाच्या फलकावर छापलं होतं.

अंडी, दूध, पिसं, केस हे तिला जमेलच. माझा घात एका फोटोने केला. पेंग्विनची पिल्लं घोळक्याने उभी दिसली आणि मी ते पाळणाघर समजलो. प्रत्यक्षात पिल्लं जरा मोठी झाली की आई-बाप दोघंही मासे धरायला समुद्रात जातात, तेवढा वेळ ती एकमेकांना धरून राहतात. परत आलेला पेंग्विन सहसा आवाजावरून आपलंच पिल्लू ओळखतो आणि त्यालाच भरवतो.

मीरकॅटचं तसं नाही. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातल्या टोळीत बहुतेक पिल्लं एकाच मुख्य मादीची, पण राबतात सगळे. कुणीतरी दिवसभर उपाशी राहून बिळाशी राखण करतो. पिल्लांना विंचू आधी मेलेला देतात, मग नांगी काढलेला, मग जिवंत. हे खरंखुरं शिकवणं असल्याचं 2006 च्या संशोधनात दिसलं. मात्र ‘प्रेमळ कुटुंब’ असंही लिहू नका. तीच मुख्य मादी इतर माद्यांची पिल्लं मारते, त्यांना हाकलूनही देते.

चूक कळल्यावर ज्या कार्यालयाच्या पैशातून फलक झाले होते तिथे चार खेपा घातल्या. ‘मंजूर मजकूर बदलता येत नाही’, एवढंच उत्तर. फलक तीन वर्षं शाळाशाळांतून फिरले. किती मुलांनी ते वाक्य वहीत उतरवलं असेल, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून सांगतो, छपाई सर्वांत शेवटी.

मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही, बाईंना वेगळं हवं असेल तर त्यांचं ऐका. पण माझ्या मते तक्त्यात एक ओळ हवीच: मीरकॅटला सध्या धोका नाही, आफ्रिकी पेंग्विन मात्र 2024 पासून अतिसंकटग्रस्त आहे, 10,000 हून कमी जोड्या उरल्यात. त्यांना खायला सार्डिन मासे मिळेनात. पक्ष्यांच्या साठलेल्या विष्ठेच्या ज्या थरांत ते बिळं करायचे, ते थर माणसांनी खतासाठी खरवडून नेले, आता घरटी उन्हात उघडी पडतात.

आणि राणीच्या बागेतला फोटो लावू नका. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, दक्षिण अमेरिकेतले.