डायलिसिस : चिडलेल्या पेशी, कडक होणाऱ्या रक्तवाहिन्या

प्रश्न : वडिलांना ताप नाही, खोकला नाही, तरी सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) दर वेळी वाढलेलाच. का?

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात साचणारी द्रव्ये पांढऱ्या पेशींना सतत डिवचत राहतात. त्यांतल्या चिडलेल्या मोनोसाइट पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात आणि आयएल-६ हे सूज वाढवणारे इशाऱ्याचे प्रथिन सोडतात. त्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी बनवते. पण ‘किडनीमुळेच असणार’ म्हणून सोडून देऊ नका. मानेतला कॅथेटर (डायलिसिससाठी घातलेली नळी), सुजलेल्या हिरड्या, हातात राहिलेला बंद पडलेला ग्राफ्ट (डायलिसिससाठी बसवलेली कृत्रिम रक्तवाहिनी) आधी तपासून घ्या. डायलिसिस सुरू होताच हुडहुडी भरत असेल तर पहिला संशय कॅथेटरवर. सेंटरकडे डायलिसिसच्या पाण्याचा ताजा तपासणी अहवालही मागा. अतिशुद्ध डायलिसिस द्रवात एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) मिलिलिटरला ०.०३ युनिटपेक्षा कमी हवे. जास्त असेल तर त्याचे अंश फिल्टरमधून रक्तात उतरतात.

प्रश्न : पेशी एवढ्या चिडलेल्या, मग हिपॅटायटिस बी ची लस का लागू पडली नाही?

चिडलेल्या असल्या तरी त्या दमलेल्याही असतात. लसीला दाद देणाऱ्या टी पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) प्रतिसाद मंद पडतो, म्हणून डोस दुप्पट : साधारणपणे ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. लस दंडात घ्यायची, नितंबावर नाही, आणि फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जोडणीच्या) हातात तर नाहीच. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटीबॉडी तपासा. १० (mIU/mL) पेक्षा कमी आल्यास पूर्ण मालिका पुन्हा.

प्रश्न : एक्सरेत पायाच्या धमन्यांत कॅल्शियम दिसले. फॉस्फरससाठी दिलेली कॅल्शियमची गोळी बंद करू?

परस्पर नको. फॉस्फरस चढा राहिला की धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, आणि दाह त्याला खतपाणी घालतो. गोळी जेवताना, घासांबरोबरच घ्या. उपाशीपोटी घेतली तर फॉस्फरस बांधला जात नाही, उलट कॅल्शियमच अंगात मुरते. कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएचचे (कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक) रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना सेव्हेलॅमर या कॅल्शियम नसलेल्या, फॉस्फरस बांधणाऱ्या गोळीबद्दल विचारा. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर आवर्जून सांगा, त्यानेही हे साठे वाढू शकतात. आपल्याकडे अनेकांचे आठवड्याला दोनच डायलिसिस होतात. तेवढ्याने फॉस्फरस पुरेसा निघत नाही. कोला आणि पाकीटबंद पदार्थ तोडा. डाळ पूर्ण बंद करू नका : तिच्यातला फॉस्फरस त्यामानाने कमी शोषला जातो आणि प्रथिने तर हवीतच.

प्रश्न : फिस्टुलाची थरथर सकाळपासून लागत नाही. उद्या डायलिसिस आहेच, तेव्हा दाखवू?

नाही, आत्ताच निघा. गुठळी लवकर काढली तर फिस्टुला वाचू शकतो. उशीर झाला तर पुन्हा कॅथेटर.