नटण्या-मुरडण्याची पेटी भरताना

मुलांच्या नटण्याच्या खेळासाठी तयार पोशाखांच्या मागे लागू नकोस. राजकुमारीचा झगा फक्त राजकुमारीचाच राहतो. दोन हात लांब ओढणी मात्र सकाळी पदर असते, दुपारी नदी आणि संध्याकाळी आजारी बाहुलीची झोळी. म्हणून आधी साधी कापडं, मोठ्यांचे जुने शर्ट (बाह्या कोपरापर्यंत कापून), टोप्या, पर्स, काचा काढलेली चष्म्याची फ्रेम. पर्स हवीच! मुलांना कपड्यांपेक्षा 'ऑफिसला निघणं' जास्त आवडतं, हा माझा अनुभव.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. गळ्याशी नाडी किंवा गाठ नको, कुठे अडकली तर फास बसतो. झग्याला मानेमागे वेल्क्रोचा छोटा तुकडा लाव. ओढला की सुटला पाहिजे. ओढणी खांद्यावर-कमरेला चालेल, गळ्याभोवती गुंडाळायची नाही, आणि खेळताना आपलं लक्ष हवं. 3 वर्षांखालचं मूल असेल तर सुटे मणी, सैल बटणं काढून टाक. कपडा घोट्याच्या वरच असू दे, नाहीतर पायात येऊन पडतात.

पेटीला जड झाकण नको, उघडी टोपलीच बरी. आणि सगळं एकदम ओतू नकोस. मी ओतलं होतं, पोरं टोपलीतच जाऊन बसली.